खर्रा घोटेपर्यंत नेटवर्क

रोज एकाच डोंग्यात बसणाऱ्या माणसांकडे किस्से कसे जमतात, ते मला विचारा. डोंग्याच्या तळाशी पाणी जमतं ना, तसे. कोणी आणून टाकत नाही. फटीफटीतून येतं, आणि घाट येईपर्यंत पावलं भिजलेली असतात.

आमचा डोंगा वैनगंगेवर चालतो. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. आम्ही तिघं मास्तर ब्रह्मपुरीकडून जीपनं घाटावर येतो आणि डोंग्यानं पलीकडच्या जंगलातल्या शाळेत जातो. पूल आहे, नाही असं नाही. पण पुलावरून गेलं तर दोन जिपा बदलून पोचेपर्यंत शाळेत खिचडी वाढून झालेली असते.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगून टाकतो. भुरे सर विज्ञानाचे. हातात फोन आणि डोक्यात प्रयोग. वनमाला मडावी मॅडम पहिली-दुसरीच्या. आणि मी रामटेके, गणिताचा. चौथा कवडूभाऊ, ज्याचा डोंगा. ढिवर, म्हणजे मासे धरणारा माणूस, जन्म नदीतच गेला.

मला पोहता येत नाही. हे इथंच सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक किश्श्यात मी दोन्ही हातांनी डोंग्याच्या दोन्ही कडा धरून बसलेलो आहे. सरकारी नारिंगी जॅकेट मी घरूनच घालून निघतो. एकदा तर ते अंगात ठेवूनच वर्गात अपूर्णांक शिकवले. पोरांनी काही विचारलं नाही, त्यांना वाटलं असेल की अपूर्णांकाला लागतं.

आणि ज्या वर्षाचे हे किस्से, त्या वर्षी आमच्या डोंग्यात काळजी एकच होती. मॅडमची बदली. मॅडमची पोरगी स्वरा सहा वर्षांची, तिकडं कोरपन्याला आजीजवळ. नवरा सिमेंट कारखान्यात शिफ्टवर. आंतरजिल्हा बदलीचा ऑनलाइन अर्ज मॅडमनी दरवर्षी भरायचा आणि दरवर्षी यादीत नाव नसायचं. "यंदा नाई झालं न सर, त माही पोरगी मले मावशी म्हणन," असं त्या हसत म्हणायच्या. हसणं ओठापुरतंच असायचं.

*

नेटवर्क ना या काठाला, ना त्या काठाला. घाट खोल, वर झाडी. पण नदीच्या मधोमध एका जागी कुठल्या तरी लांबच्या टॉवरची रेंज येते, हा शोध माझ्याच खिशात लागला.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. मी कडा धरून डोळे मिटून बसलेलो, आणि एकदम खिसा थरथरायला लागला. बायकोचे चौदा मेसेज एकदम आले. मागोमाग फोन. घरी काय झालं असेल, या विचारानं मी उभाच राहिलो!

डोंगा डावीकडे कलला. भुरे सरांची पिशवी पाण्याला लागली, मॅडमनी माझा सदरा धरला, आणि मी तसाच खाली बसलो, म्हणजे पडलो. फोन तेवढ्यात बंद झाला. घरी गेल्यावर कळलं, बायकोला एवढंच विचारायचं होतं की, जॅकेट घालून गेलात ना.

कवडूभाऊनं आधी डोंगा सावरला. मग म्हणाला, "गुरुजी, फोन कोणाचाबी असो, डोंग्यात बसूनच बोलाचं. उभा राह्यला त मंग वरून बोलावणं येते."

तेव्हापासून तो आमच्या डोंग्याचा नियम आहे.

*

मग कवडूभाऊनंच सोय केली. तेलाचा पाच लिटरचा पांढरा डबा घेतला, त्याला दोर, दोराच्या टोकाला धोंडा, आणि त्या जागी नदीत सोडून दिला. डबा तरंगत राहायचा. डोंगा त्या दोराला बांधायचा आणि कवडूभाऊ खर्रा काढायचा. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन तळहातावर घोटायचा. घोटून होईपर्यंत आमचं नेटवर्क. खर्रा तोंडात गेला की दोर सुटला. मग मुख्यमंत्र्यांचा फोन असला तरी कवडूभाऊ थांबायचा नाही.

त्या तेवढ्या वेळात भुरे सर बातम्या बघायचे, मी बायकोला जॅकेट घातल्याचं सांगायचो आणि मॅडम कोरपन्याला फोन लावायच्या.

स्वराला सवय झाली होती. आई दोन मिनिटंही टिकत नाही, हे पोरीला पक्कं ठाऊक. त्यामुळं फोन उचलला की ती एका दमात सगळं सांगून टाकायची. स्पीकरवर आम्ही पण ऐकायचो. "आई आज मी डबा पूर्ण खाल्ला बाईनं मले स्टार देल्ला आजीचा गुडघा दुखते बाबा झोपले हायेत आन माहा दात हालून राह्यला—" आणि कट.

मॅडम फोनकडे बघत राहायच्या. मग म्हणायच्या, "कोणता दात, ते राह्यलं."

दुसऱ्या दिवशी पोरगी नव्या बातम्या सांगायची. कालचा दात कालच्यासोबत गेलेला असायचा.

*

हजेरीचा किस्सा तर आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत फिरलाय.

वरून आदेश आला की, मास्तरांनी रोज ॲपवर हजेरी लावायची, फोटोसकट आणि ठिकाणासकट. शाळेत नेटवर्क नाही. मग आम्ही डब्याजवळ हजेरी लावायला लागलो. फोटोत मागे नदी, पुढे आम्ही तिघं, आणि मी नारिंगी.

पंधरवड्यानं कागद आला. "आपली उपस्थिती नदीपात्रात आढळून आली आहे. खुलासा करावा." मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. भुरे सरांनी मात्र शांतपणे उत्तर लिहिलं, "शाळेत नेटवर्क नाही. नदीत आहे." त्यावर पुन्हा कागद, "नदीत हजर राहू नये." त्यावर भुरे सर, "मग शाळेत गैरहजर राहावे लागेल, मार्गदर्शन व्हावे."

मार्गदर्शन अजून आलेलं नाही.

कवडूभाऊला हे सगळं वाचून दाखवलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माही हजेरी कोण लावते? मी त जनमभर नदीतच हाये."

*

भुरे सरांचं म्हणणं असं की, नेटवर्क उंचावर चांगलं येतं. आता नदीत उंच काय? तर कवडूभाऊची पाल. म्हणजे शीड. वारा मनासारखा असला की तो डोंग्यातला बांबू उभा करून त्यावर निळी ताडपत्री चढवतो, वरच्या बाजूला एक आडवी काठी, आणि दोर ओढला की पाल वर. पाल चढली की वल्ही आत घ्यायची आणि बसून राहायचं. मला सगळ्यात जास्त भीती तेव्हाच वाटते, कारण डोंगा कोण चालवतंय ते दिसत नाही.

तर भुरे सरांनी आपला फोन ब्रेडच्या पन्नीत घातला, हॉटस्पॉट चालू केला आणि त्या आडव्या काठीला रुमालानं घट्ट बांधून टाकला. पाल वर गेली. खरं सांगतो, खाली बसून आमच्या फोनवर असं इंटरनेट आलं की ब्रह्मपुरीत येत नाही!

फक्त एक झालं. पाल चढलेली, त्यामुळं डोंगा थांबेना. डबा बाजूनं सर्रकन निघून गेला. तीन सेकंद सगळं जोरात आलं आणि संपलं.

"कवडूभाऊ, थांबवा न," भुरे सर म्हणाले.

"थांबाचं असन त पाल उतरवा लागते."

"पाल उतरवली त फोन खाली येते."

"येईनच न. पाल जाले असते सर, थांबाले नसते."

म्हणजे फोन वर असेल तर डोंगा चालतो, आणि डोंगा थांबला तर फोन खाली. भुरे सर त्यावर विचार करतच होते, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि कवडूभाऊनं दोर सोडला. पाल धाडकन खाली, आणि फोन मासळीच्या टोपलीत. फोन वाचला. पण पुढं महिनाभर फोनला मासळीचा वास, म्हणून भुरे सरांच्या हातात फोन असला की त्यांची बायको दुसऱ्या खोलीतूनच बोलायची, असं ते स्वतःच सांगतात.

*

आता हा किस्सा सांगताना आम्हा तिघांनाही अजून लाज वाटते.

एका सकाळी डब्याजवळ थांबलो. कवडूभाऊनं डोंगा बांधला आणि खर्रा काढला. कोणाच्याच फोनला रेंज नाही. भुरे सरांनी फोन बंद करून चालू केला. मी पण केला. मॅडमनी सिम काढून पदराला पुसून पुन्हा घातलं. त्या दिवशी बदलीची तात्पुरती यादी लागणार होती. भुरे सर म्हणाले, ढगांमुळं असेल. मी म्हटलं, टॉवरच बंद पडला असेल. तोवर कवडूभाऊचा खर्रा घोटून झाला, तोंडात गेला, तरी आम्ही फोन कपाळाला लावून बसलेलो.

कवडूभाऊनं विचारलं, "काऊन, आज कोणी बोलून नाई राह्यलं?"

"नेटवर्क नाई न भाऊ."

"इथी कसं येईन? जागा त तिकडं राह्यली, वरतं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. भुरे सर म्हणाले, "मंग डबा इथी काऊन हाये?"

"तो मासे धरते न सदू, त्याचं जाळं अटकत होतं. त्यानं काल सरकवला."

"मंग तुमी आमाले सांगितलं काऊन नाई?"

"मले वाटलं तुमाले माहीत असन. शिकले सवरले माणसं, डब्यात थोडीच रेंज असते." आणि मग नदीत पिंक टाकून म्हणाला, "मले वाटलं आज मास्तर लोक डब्यालेच भेटाले आले."

त्या दिवशी त्यानं आम्हाला खरी जागा शिकवली. अलीकडच्या काठावरचा पिंपळ आणि त्याच्यामागचा देवळाचा झेंडा एका रेघेत आले पाहिजेत. आणि पलीकडच्या काठावरची सावर आणि तिच्यामागची पाण्याची टाकी एका रेघेत. दोन रेघा जिथं भेटतात, तिथं नेटवर्क. जाळं टाकायची जागा ते असंच लक्षात ठेवतात, बापजाद्यांपासून.

मी वीस वर्षं भूमिती शिकवतोय. कडा धरून मान खाली घालून बसलो.

यादीत मॅडमचं नाव होतं. तात्पुरत्या यादीत. पक्कं व्हायचं बाकी होतं. मॅडमनी डोंग्यात पेढा वाटला नाही. म्हणाल्या, "पक्कं झाल्यावर." आणि तिथून आमची काळजी दुप्पट झाली. नाव नसतं तेव्हा काही जायचं नसतं. आता जाण्यासारखं काही होतं.

*

शेवटचा सांगतो.

श्रावण सरत आला होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेले, दोन दिवसांपासून पाणी चढत होतं. संध्याकाळी पाचला शाळा सुटली तेव्हा कवडूभाऊ शाळेच्या फाटकापर्यंत आला होता. असा तो कधी येत नाही. "चला लवकर. उद्यापासून डोंगा बंद."

नदी मातीच्या रंगाची झाली होती. मी जॅकेटचे पट्टे तीनदा तपासले. मधोमध आलो तर डबा दिसेना.

"डबा कुठी हाये?" मी विचारलं.

"बुडला. दोर तेवढाच, पाणी जास्त."

पिंपळ आणि झेंडा एका रेघेत आले. मग सावर आणि टाकी. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. मॅडमनी शिक्षकांच्या ग्रुपवरचा मेसेज उघडला, वाचला, परत वाचला आणि माझ्यापुढं धरला. सकाळी अकराचा मेसेज होता. अंतिम यादीसाठी आज सायंकाळी सहापर्यंत ऑनलाइन संमती द्यावी, अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

तोवर धारेनं डोंगा खाली नेला. रेंज गेली. कवडूभाऊनं बांबू टाकून बघितला, तळ लागला नाही.

"ब्रह्मपुरी गाठू," भुरे सर म्हणाले. आणि स्वतःच म्हणाले, "सात वाजतीन."

मॅडमनी फोन मुठीत धरला. "कवडूभाऊ, एक डाव परत वर घ्या न," एवढंच म्हणाल्या.

कवडूभाऊनं नदीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "गुरुजी, तुमाले चालन का?"

पोहता न येणारा माणूस डोंग्यात असला की कवडूभाऊ पुरात थांबत नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी नाही म्हटलं असतं तर तो सरळ काठाला गेला असता, आणि मॅडमनी मला कधी बोल लावला नसता. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडात 'नाही'च होतं. मला माझी दोन पोरं दिसली. जॅकेट भिजलेलं दिसलं. आणि मॅडम पायाच्या बोटांकडे बघत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "घोटा खर्रा."

"आज खर्रा नाई," कवडूभाऊ म्हणाला, आणि बांबू उभा करायला लागला.

वारा खालून वर वाहत होता, पाण्याच्या उलटा. भुरे सरांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांनी न बोलता फोन पन्नीत घातला आणि आडव्या काठीला बांधला. पाल चढली, भरली. डोंगा हळूहळू धारेवर चढायला लागला. सावर आणि टाकी एका रेघेत आल्या, तसा कवडूभाऊनं दोर थोडा ढिला सोडला. अजून थोडा. वारा वर ढकलतोय, पाणी खाली ओढतंय, आणि डोंगा जागच्या जागी उभा. दोन्ही बाजूंनी पाणी पळत होतं, पिंपळामागचा झेंडा रेघेतून हलत नव्हता.

"सर, तुमी भरा. माह्या हातानं नाई होणार," मॅडम म्हणाल्या आणि त्यांचा फोन माझ्याकडे दिला.

एका हातानं भरायचं काम नव्हतं ते. मी कडा सोडल्या. दोन्ही.

अर्ज उघडला. क्रमांक टाकला. ओटीपी पाठवला, असं आलं. तो जाणार कोरपन्याच्या नंबरवर. मॅडमचा फोन कधीच लागत नाही, म्हणून नोंदणी नवऱ्याच्या नंबरची होती, आणि कारखान्यात फोन नेऊ देत नाहीत म्हणून तो फोन घरी. मॅडमनी माझ्या फोनवरून लावला. स्पीकर चालू केला.

स्वरानंच उचलला. "आई आज मांजरीनं तीन पिल्लं देल्ले एक काळं हाये आजी म्हणते घरात आणू नको पण मी—"

"बेटा, ऐक, मेसेज आला का बघ, आकडे—"

वारा पडला. पाल लोंबली, डोंगा घसरला, फोन कट.

कवडूभाऊनं दातांत दोर धरला आणि वल्हं मारलं. किती वेळ, सांगता येत नाही. माझे डोळे फोनच्या घड्याळावर होते. पाच त्रेचाळीस. वारा आला, पाल भरली, पुन्हा झेंडा रेघेत. मी ओटीपी पुन्हा मागवला, मॅडमनी फोन पुन्हा लावला.

"आई, ते काळं पिल्लू—"

"स्वरा. मेसेज वाच. आकडे."

"दोन आले."

"खालचा. शेवटचा."

पोरीनं सहा आकडे एका दमात म्हटले, रोजच्यासारखे, कट व्हायच्या आत. मी टाकले. चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. भुरे सर पालीकडे बघत होते, वरच्या आपल्या फोनकडे.

आपली संमती नोंदविण्यात आली आहे.

पाच एकावन्न. मी ते मोठ्यानं वाचलं. मग परत वाचलं. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"झालं का?" कवडूभाऊनं विचारलं.

"झालं."

आता पाल उतरवायची, काठाला जायचं. पण कवडूभाऊ जागचा हलला नाही. दोर त्याच्या मुठीत ताणलेला, वारा भरलेला, डोंगा उभा. माझ्या फोनवर कोरपना अजून लागलेलंच होतं. स्वरानं पिल्लांचं सांगून टाकलं, आजीचं सांगितलं, पडलेला दात कोणता तेही सांगितलं. मग तिचं सगळं संपलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आई," ती म्हणाली, "आज फोन कट काऊन नाई होऊन राह्यला?"

मॅडमनी पालीकडे बघितलं. कवडूभाऊनं दोराचा अजून एक वेढा हाताला घेतला.